पाण्यात तोंड घालण्याआधी

अंदमानला निघालेले नातेवाईक आणि शेजारी मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पोहता येत नाही, तरी चालेल का? आणि जाहिरातीत दाखवतात तसे प्रवाळ खरंच दिसतात का? पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: चालेल. दुसऱ्यासाठी मात्र बैठक मारावी लागते. तिथी कोणती, वेळ कुठली, बेट कुठलं आणि पाण्यात पडल्यावर तुम्ही हातपाय किती झाडता, यावर ते ठरतं. आपल्याकडची बरीच माणसं सेल्युलर जेल पाहायला म्हणून जातात आणि उरलेल्या दिवसांत ‘वॉटर स्पोर्ट्स’ उरकतात. ते उरकू नये, म्हणून हे चार शब्द. चारपेक्षा जास्त होतील.

१. विमानाचं तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा.

मुहूर्तासाठी नाही, भरती-ओहोटीसाठी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. अंदमानात तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. एवढं पाणी आत-बाहेर करताना तळाचा गाळ उचलला जातो, प्रवाह ओढतो आणि ओहोटीला किनाऱ्यालगतचं प्रवाळाचं पठार जवळजवळ उघडं पडतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. तेव्हा पाण्याची ये-जा थोडी, प्रवाह मवाळ आणि तळ स्वच्छ दिसतो. कोकणातल्या कुठल्याही कोळीवाड्यात हे कुणीही सांगेल. मात्र तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपला हिशोब तिकडे नेऊ नका. तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, अंदमानची वेळ वेगळी. आदल्या संध्याकाळी डुंगीवाल्याला विचारा. तिथे छोट्या बोटीला डुंगी म्हणतात. पाणी चढत आलेलं असताना उतरायचं आणि ओहोटी जोर धरायच्या आत बाहेर यायचं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

महिन्यांचं म्हणाल तर समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत नितळ असतं ते साधारण जानेवारी ते एप्रिल. आपल्या सुट्ट्या असतात दिवाळीत आणि मे महिन्यात. शाळेचं वेळापत्रक समुद्राला विचारून केलेलं नाही, त्याला इलाज नाही. पण निवृत्त मंडळींनी तरी मे महिन्याचा हट्ट का धरावा, हे मला कळलेलं नाही.

२. तिथे सकाळ लवकर होते.

घड्याळ भारताचंच, पण सूर्य मुंबईपेक्षा तासाभराहून अधिक आधी येतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमाराला मावळतो. सकाळी वारा पडलेला असतो, पाण्यावर सुरकुती नसते आणि ऊन तळापर्यंत पोचतं. ‘आरामात नाश्ता करून निघू’ म्हणणाऱ्यांच्या वाट्याला दुपारच्या लाटा आणि इतरांनी ढवळलेलं पाणी येतं.

३. पॅकेजच्या कागदावर बेटांची नावं एका ओळीत येतात, म्हणून ती एका मापाची नसतात.

नॉर्थ बे हे श्री विजयपुरमच्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरच्या, अगदी समोर. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर जे दीपगृह दिसायचं, ते इथलं. शहराला इतकं जवळ असल्यामुळे गर्दी भयंकर आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाळाचा बराचसा चुरा झालेला. हाताशी एकच दिवस असेल तर जा, नाहीतर नोटेवरच्या चित्रावर समाधान माना.

एलिफंट बीच हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर. जेट्टीवरून बोटीने वीसेक मिनिटं, किंवा रस्त्यावरून उतरून जंगलातून अर्धा-पाऊण तास चिखल तुडवत. किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीनंतर वाळून उन्मळलेली मोठमोठी झाडं आडवी पडलेली आहेत. प्रवाळ किनाऱ्यापासून फार लांब नाही, म्हणून नवख्यांना हे ठिकाण बरं. मात्र पहिल्या बोटीने गेलात तर बरं. दहानंतर पाण्यात माशांपेक्षा नारिंगी लाइफ जॅकेटं जास्त.

माझं मन जॉली बॉयवर. वंडूरच्या जेट्टीवरून तिथे जातात. वंडूर शहरापासून तीसेक किलोमीटरवर. हा सगळा पट्टा म्हणजे १९८३ साली स्थापन झालेलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, पंधरा बेटांचं. त्यातलं जॉली बॉय हिवाळा-उन्हाळ्याच्या सहामाहीत खुलं असतं, आणि ते बंद झालं की रेड स्किन नावाचं दुसरं बेट उघडतं. दोन्ही एकदम कधी उघडत नाहीत, म्हणजे प्रत्येक बेटाला अर्धं वर्ष माणसांपासून सुटका मिळते. सोमवारी सुट्टी. वनखात्याचा परवाना आधी काढून ठेवावा लागतो. आणि प्लास्टिकला सक्त मनाई. जेट्टीवर पिशव्या उघडून पाहतात. भाकरवडीचं आणि चिवड्याचं पाकीट हॉटेलवरच स्टीलच्या डब्यात मोकळं करा, नाहीतर तपासणीच्या रांगेत उभ्याउभ्या अख्खं पाकीट संपवावं लागतं. असं करणारं कुटुंब मी पाहिलेलं आहे आणि त्यांनी मलाही मूठभर चिवडा दिला होता. बेटावर विकत काही मिळत नाही, म्हणून डबा हवाच.

बोट तासभर खारफुटीने भरलेल्या बेटांमधून जाते. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट लांब उभी राहते आणि काचेच्या तळाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. त्या काचेतून पाहून ‘झालं की पाहून’ म्हणणाऱ्यांना पाण्यात ढकलायची जबाबदारी घरच्यांची.

नील, म्हणजे शहीद द्वीप. तिथल्या भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहणं सोडाच, गुडघे भिजायला चालत जावं लागतं. म्हणून पुन्हा पहिला मुद्दा वाचा.

४. मास्क भाड्याचा असला तरी तो निवडायचा असतो.

गाइड ढिगातून एक उचलून देतो. तो तसाच घेऊ नका. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात काढल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा मागा, पट्टा आवळून उपयोग होत नाही. केसांची एक बट जरी कडेखाली अडकली तरी तिथून पाणी शिरतं. मिशीतूनही शिरतं. मिशीवर व्हॅसलीन थापायचा सल्ला देतात आणि तो थोडाफार चालतो. मिशी काढण्याचा सल्ला मी एकदाच दिला होता, आमच्या मामांना. त्यांनी त्या दिवसापुरतं बोलणं टाकलं.

काच धुक्याने भरते त्यावर जुना उपाय म्हणजे आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने खळबळणं. किळस वाटत असेल तर लहान मुलांचा शाम्पू थेंबभर लावा. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क मिळतो का ते आदल्या दिवशीच विचारावं. चष्म्यावरून मास्क बसत नाही. संपूर्ण चेहरा झाकणारे नवे मास्क मी टाळते. पाणी शिरलं तर नळी तोंडातून थुंकून टाकायची सोय त्यात नसते.

५. पोहणं विसरा.

मी पोहायला शिकले आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तिथली शिकवण एकच: हातपाय मारत राहा. प्रवाळापाशी याच्या नेमकं उलटं करायचं असतं. लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगवतं, गाइड हवेच्या रिंगला धरून ओढतो. तुम्ही पालथं पडायचं, हात रिंगवर ठेवायचे आणि काही करायचं नाही. आमच्याबरोबरच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी सपासप हात मारत सगळा किनारा पालथा घातला आणि ‘काही विशेष नाही’ म्हणून वर आले. पाण्याला जन्मात पाय न लावलेल्या काकू रिंगला धरून निपचित पडल्या होत्या. त्यांनी अर्ध्या तासात कासव, शिंपला आणि खडकाखालची ईल पाहिली. माशांना धडपडीची भीती वाटते. पडून असलेल्या माणसाकडे ते दुर्लक्ष करतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

अडचण असते पहिल्या पाच मिनिटांची. नाक मास्कमध्ये बंद झालं की मेंदू घाबरतो. गाइड ओरडत असतो, ‘मॅडम, साँस मुँह से!’ आणि आपण श्वासच बंद केलेला असतो. म्हणून खोलात जाण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात, खाली नुसती वाळू असेल तिथे, उभ्यानेच तोंड बुडवून श्वास घेत राहा. श्वास सोडणं लांबवलं की भीती उतरते. नळीत पाणी आलं तर एक जोरदार ‘फू’ केली की ते वरून उडतं. नळीचं रबर दातांनी करकचून धरू नका, जबडा दुखतो.

आणि एक गोष्ट न हसता सांगते. हे सोपं दिसतं म्हणून हृदयविकार, रक्तदाब, दमा असलेली माणसं फॉर्मवर ‘काही आजार नाही’ लिहून मोकळी होतात. नळीतून श्वास घेणं हे शरीराला श्रमाचं काम आहे आणि त्यात भीतीची भर पडते. डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, आणि फॉर्मवर खरं लिहा.

६. पाय टेकवायचा नाही.

मास्कमध्ये पाणी शिरलं की माणूस पहिली गोष्ट काय करतो, तर उभा राहतो. खाली असतो प्रवाळ. तो खडक दिसतो, पण त्याच्या पृष्ठभागावर हजारो छोटे जीव बसलेले असतात, प्रत्येक जण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि यजमानाला देतं, म्हणून प्रवाळाला उथळ, नितळ, उन्हाचं पाणी लागतं. फांद्यांसारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढू शकतो. गोल, ठोकळ्यासारखा असतो तो सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. कमरेएवढा उंच गोल प्रवाळ दिसला तर तो तुमच्या आजोबांहून वयाने मोठा आहे असं धरून चाला. वडीलधाऱ्यांना पाय लागू नये, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

उपाय सोपा आहे. घाबरलात तर उभे राहू नका, उताणे व्हा. जॅकेट तोंड वर ठेवतं. आकाशाकडे बघत मास्क रिकामा करा आणि पुन्हा पालथे व्हा. हे वाळूवरच एकदा करून पाहिलेलं असलं की आयत्या वेळी सुचतं.

काही गाइड फोटोसाठी तारामासा किंवा समुद्री काकडी तळातून उचलून तळहातावर ठेवतात. बक्षिशीच्या आशेने करतात, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. पाण्यात उतरायच्या आधीच ‘भैया, कुछ उठाना मत, सिर्फ दिखाना’ म्हणून ठेवायचं. बक्षिशी तेवढीच द्यायची, थोडी जास्तही. पाव-बिस्किटं टाकून मासे गोळा करून दाखवतात, त्यालाही आधीच नको म्हणावं. फोटो बरा येतो, पण दिसतात ते पावाला सोकावलेले, पट्ट्यापट्ट्यांचे तेच ते मासे.

७. पांढरं दिसलं की खूश होऊ नका.

यावर मी सगळ्यांत जास्त बोलते आणि सगळ्यांत कमी ऐकलं जातं. जिवंत प्रवाळ बहुतेक वेळा तपकिरी, खाकी, शेवाळी असतो, कारण तो रंग आतल्या शेवाळाचा. निळी-जांभळी टोकं मधूनमधून. जाहिरातीतलं इंद्रधनुष्य बरंचसं कॅमेऱ्याच्या दिव्याचं आणि नंतरच्या रंगरंगोटीचं. त्यामुळे लोक तपकिरी प्रवाळावरून कंटाळून पुढे जातात आणि एखादा शुभ्र दिसला की ‘किती स्वच्छ!’ म्हणून थांबतात. तो आजारी असतो. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतो. उरतो पारदर्शक जीव आणि त्यातून दिसणारा चुन्याचा सांगाडा. तो अजून मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर महिन्या-दोन महिन्यांत त्यावर करडी-हिरवी लव चढते, आणि तो मेलेला प्रवाळ.

अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असं विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणं, मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या विरंजनाची घोषणा केली. म्हणून दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मेहुण्यांनी जे वर्णन केलं ते तुम्हाला दिसेलच असं नाही. तपकिरी, खाकी, शुभ्र, लव चढलेला, एवढे चार प्रकार ओळखता आले तर पाण्यातला अर्धा तास कमी पडतो. निराश होऊन येणाऱ्यांना मी हेच सांगते: रंग मोजू नका, जिवंत काय आहे ते मोजा.

८. एका जागी थांबा, आणि कानही उघडे ठेवा.

डोकं पाण्यात गेलं की सतत तडतड ऐकू येते, फोडणीत मोहरी उडावी तशी. नळी बिघडली म्हणून लोक वर येतात. तो आवाज चिमटे वाजवणाऱ्या इवल्या कोळंब्यांचा. त्यात मधूनच करकर ऐकू आली तर जवळ पोपटमासा आहे, चोचीने प्रवाळ आणि त्यावरचं शेवाळ खरवडतोय. गिळलेला चुना बारीक होऊन त्याच्या शेपटीकडून बाहेर पडतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण चादर अंथरून डबा उघडतो, तिच्यातला चांगलाच वाटा त्याचा. जेवताना हे सांगू नका.

समुद्रफुलात नारिंगी-पांढरा मासा दिसला की मुलं ‘निमो!’ म्हणून नळीतूनच ओरडतात. हे मासे जन्मतः नर असतात. गटातला सर्वांत मोठा तो मादी होतो, आणि ती गेली की तिचा जोडीदार मादी बनतो. म्हणजे त्या सिनेमात आई गेल्यावर वडिलांचं पुढे काय व्हायला हवं होतं, ते मुलांना तुम्हीच समजवा.

पाण्यात सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं आणि पाव अंतराने जवळ दिसतं. रात्री जेवणाच्या टेबलावर हातांनी माशाची लांबी दाखवणाऱ्यांचं ऐकताना तेवढी वजावट करावी. आणखी एक. खोल गेलं म्हणजे जास्त दिसतं असं नाही. लाल रंग पाण्यात काही मीटरांतच विझायला लागतो. दोन-तीन मीटर खोलीवरचा प्रवाळ वरूनच सर्वांत रंगीत दिसतो. ‘मॅडम, इससे अच्छा स्कूबा कर लो’ म्हणणाऱ्याला हे सांगून पाहा.

९. भिण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत.

हात-पाय न लावणाऱ्याला काळे काटेरी समुद्री अर्चिन, दगडमासा, अंग भाजवणारा अग्निप्रवाळ यांच्यापासून फारसं भय नाही. मोठा ट्रिगर मासा घरट्यावर असेल तर अंगावर येतो. तो स्वतःची मानतो ती हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, म्हणून वर न येता बाजूला सरकायचं. मगरींच्या बाबतीत मात्र विनोद नाही. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी आहेत, आणि २०१० साली हॅवलॉकच्या किनाऱ्यावर एका पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. फलक लावला असेल, जीवरक्षक नको म्हणत असेल, तर वाद घालू नका. खारफुटीजवळ तर नाहीच नाही.

आणि वाळूवरच्या बारीक माश्या. चावताना कळत नाही, रात्री कळतं. खोबरेल तेल लावून बसा.

१०. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या.

पालथं पडल्यावर मान, पाठ आणि गुडघ्यामागची बाजू उन्हात असते, आणि गार पाण्यात भाजलेलं कळत नाही. क्रीमवर भिस्त ठेवू नका. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट हे क्रीममधले घटक प्रवाळाला घातक मानून हवाईने २०२१ पासून तशा क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली. कापड हा जुना आणि बिनघोर उपाय. ओढणी मात्र बोटीतच ठेवा.

११. मालवणला हेच होतं ना?

होतं, थोडं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, मासेही आहेत. पण नद्यांचा गाळ येतो, त्यामुळे हातभर पुढचं दिसलं तरी देवाची कृपा मानायचे दिवस असतात. गोव्याच्या ग्रांदे बेटाचंही तसंच. मला मालवण आवडतं ते सरावासाठी. नाक बंद करून श्वास घेण्याची भीती तिथे संपवली तर अंदमानातली पहिली पाच मिनिटं वाचतात, आणि संध्याकाळी जेवण अंदमानपेक्षा कितीतरी चांगलं मिळतं. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही आपल्या किनाऱ्यासमोरची खरी प्रवाळभूमी. पण ती शंभरहून अधिक किलोमीटर आत आणि पूर्ण पाण्याखाली. एका दिवसात जाऊन यायचं ते ठिकाण नाही.

१२. परतताना पिशवी रिकामी ठेवा.

किनाऱ्यावर प्रवाळाचे तुटके तुकडे पडलेले असतात. मेलेला आहे, कुणाचं काय जातं, असं वाटतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, आणि त्यात जिवंत-मेलेला असा भेद करून तुम्हाला कुणी सोडणार नाही. विमानतळावर सामान तपासताना ते सापडतात, आणि मागे लांब रांग असताना आपली बॅग उघडली जाते. मुलांचे खिसेही तपासा, हॉटेलवरच.

आमच्या आत्यांनी निघताना बजावलं होतं, येताना एक चांगलं पोवळं घेऊन ये, पत्रिकेत मंगळ आहे. अंगठीतला लाल प्रवाळ वेगळा, आत्या. तो परंपरेने भूमध्य समुद्रातून येतो आणि अंदमानच्या उथळ पाण्यात मिळत नाही. त्यांना मी सराफाकडे पाठवलं. तिथे बिलही मिळतं.